मोफत वकील मिळेपर्यंत: अटकेपासून जामिनापर्यंतचे २५ दिवस

माझ्या मावसभावाला १२ जून २०२५ ला अटक झाली आणि ७ जुलैला तो जामिनावर बाहेर आला. खटला अजून चालू आहे, म्हणून त्याचं नाव, गाव, पोलीस ठाणं, कोर्ट यांतलं काही लिहीत नाही. फी न घेणारा, पूर्णवेळ फौजदारी कामच करणारा वकील त्याला मिळाला. पण त्याला बारा दिवस लागले, आणि त्यातले बहुतेक दिवस आम्हाला काय मागायचं आणि कुठे मागायचं हे माहीत नसल्यामुळे गेले. ज्यांच्या घरी असा फोन आला असेल त्यांच्यासाठी तारीखवार लिहिते आहे.

गुरुवारी रात्री पावणेनऊला पोलीस ठाण्यातून मावशीला फोन आला. अटक झाली की नातेवाइकाला कळवणं पोलिसांना बंधनकारक आहे (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ४८). पोरगा एमआयडीसीतल्या गोदामात हमाली करतो. तांब्याच्या केबलची भेंडोळी चोरीला गेल्याची फिर्याद मालकानं दिली होती आणि तिघा कामगारांना अटक झाली होती. कलमं लागली भारतीय न्याय संहितेचं ३०६, म्हणजे नोकरानं मालकाच्या ताब्यातली वस्तू चोरणं, सात वर्षांपर्यंत शिक्षा. आणि त्यासोबत ३(५), म्हणजे सगळ्यांचा एकच इरादा होता असं म्हणणं. गुन्हा अजामीनपात्र. अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही असं मावशी धरून बसली होती. तसं नाही. तो पोलीस ठाण्यात हक्कानं मिळत नाही, कोर्टाकडे मागावा लागतो, इतकाच त्याचा अर्थ.

ठाण्यात गेल्यावर ठाणे अंमलदाराकडून पाच गोष्टी लिहून घ्या: गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर आणि वर्ष), कलमं, अटकेची तारीख आणि वेळ, तपास अधिकाऱ्याचं नाव, आणि उद्या कोणत्या कोर्टात हजर करणार ते. गु.र.नं. नसेल तर पुढे एकही कार्यालय तुमचं प्रकरण शोधू शकत नाही. अटकेची वेळ लागते कारण प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे नेलंच पाहिजे. एफआयआरची प्रत महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर, संवेदनशील गुन्हे सोडले तर, फुकट उतरवता येते. आम्हाला ती दुसऱ्या दिवशी दुपारी मिळाली. अटकेची कारणं लेखी दिली असतील तर त्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

त्याच खोलीच्या भिंतीवर एक फलक होता: ‘जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, मोफत कायदेविषयक सहाय्य’, खाली दूरध्वनी क्रमांक. मी तो वाचला आणि पुढे गेले. हे जमिनीच्या, नवराबायकोच्या भांडणांसाठी असेल असं वाटलं. चोरीच्या आरोपीला सरकार वकील कशाला देईल, हा विचार मनात होता. तो चूक आहे. संविधानाचा अनुच्छेद ३९-अ, विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ आणि सर्वोच्च न्यायालयाचे १९७९ पासूनचे निकाल, सगळे एकच सांगतात: ज्याला वकील परवडत नाही अशा आरोपीला सरकारी खर्चानं वकील मिळणं हा त्याचा हक्क आहे.

शुक्रवारी, १३ जूनला, अकराला या म्हणाले होते. प्रत्यक्षात साडेतीनला हजर केलं. मधल्या साडेचार तासांत आमच्या हातून सर्वांत मोठी चूक झाली. कोर्टाच्या आवारात ओळखीतल्या एकानं एका खासगी वकिलांशी गाठ घालून दिली. वीस हजार फी ठरली, आठ हजार लगेच दिले, आणि कॉरिडॉरमध्ये पोलिसांसोबत उभ्या असलेल्या पोराची कोऱ्या वकीलपत्रावर (हाच माझा वकील, असं कोर्टाला सांगणारा कागद) सही घेतली. हे वाईट हेतूनं झालं असं मी म्हणत नाही. पण त्या एका सहीनं पुढचे अकरा दिवस अडकले.

असं का होतं ते समजून घ्या. पहिल्यांदा हजर केल्यावर न्यायदंडाधिकारी विचारतात: पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का, वकील आहे का. वकील नसेल तर मोफत वकिलाचा हक्क सांगणं हे त्यांचं कर्तव्य आहे. १९८१ च्या खत्री खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ते सांगितलं, आणि २०१२ च्या कसाब निकालात तर देशातल्या सगळ्या न्यायदंडाधिकाऱ्यांना तसा आदेशच दिला. रिमांडच्या, म्हणजे कोठडी ठरवण्याच्या, कामासाठी विधी सेवा प्राधिकरणानं नेमलेले वकील कोर्टात बसलेलेही असतात. त्या दिवशीही होते. उरलेल्या दोघा आरोपींच्या बाजूनं त्यांनीच म्हणणं मांडलं. आमच्या पोराचं वकीलपत्र आधीच दाखल होतं, म्हणून त्याला तो प्रश्न विचारायचं कारणच उरलं नाही.

तेव्हा आरोपीला भेटायला मिळालं, तर पहिल्या दोन मिनिटांत एवढंच सांगा: ‘साहेबांनी विचारलं तर म्हण, वकील नाही, मोफत वकील पाहिजे.’ हे तोंडी सांगितलं तरी चालतं. त्या क्षणी अर्ज, दाखला, फोटो यांतलं काही लागत नाही. कोणत्याही वकीलपत्रावर सही करण्याआधी हे झालं पाहिजे.

पोलीस कोठडी मिळाली सोमवारपर्यंत. शनिवारी १४ तारखेला दुसरा शनिवार होता, कोर्ट बंद. दुसरा आणि चौथा शनिवार सोडून बाकी शनिवारी कोर्टाची कार्यालयं उघडी असतात. तहसील मात्र दर शनिवारी बंद. या हिशेबानं कामं लावा, नाहीतर एक फेरी फुकट जाते.

सोमवारी, १६ जूनला, पोलीस कोठडी संपून न्यायालयीन कोठडी झाली, कोर्टाच्या भाषेत एमसीआर, ३० जूनपर्यंत. जामिनाचा अर्ज साधारण याच टप्प्यावर टाकतात. आमचे वकील आले नाहीत. ज्युनियर आले आणि उरलेले बारा हजार मिळाल्यावर अर्ज टाकू म्हणाले. मावशी धुण्याभांड्याची कामं करते, महिन्याचे नऊ हजार मिळतात. ती काही बोलली नाही. गाडीत बसेपर्यंत हातातली पिशवी घट्ट धरून होती.

मंगळवारी, १७ जूनला, मी कोर्टात जाऊन विचारलं, ‘सरकारी वकील कुठे मिळतात?’ शिपायानं बरोबर बोट दाखवलं आणि मी सहायक सरकारी वकिलांच्या दालनात पोचले. हा घोळ जवळजवळ प्रत्येकाचा होतो, म्हणून ठळक सांगते. सरकारी वकील म्हणजे सरकारच्या, म्हणजे फिर्यादीच्या बाजूनं खटला चालवणारे. ते आरोपीचे वकील नसतात. आरोपीची बाजू त्यांच्याजवळ बोलूही नये. त्या बाईंनी मला मध्येच थांबवलं आणि म्हणाल्या, ‘ताई, मला काही सांगू नका. तुम्हाला विधी सेवा प्राधिकरणात जायचंय, तळमजल्यावर.’ हा त्यांचा मोठेपणा.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. अध्यक्ष प्रमुख जिल्हा न्यायाधीश, आणि रोजचं काम पाहणारे सचिव हेही न्यायाधीशच असतात. तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते, तिथेही अर्ज देता येतो. फौजदारी बचावासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी आता वेगळं कार्यालय आहे, त्याचं नाव लक्षात ठेवा: लोकअभिरक्षक कार्यालय. २०२२ च्या सुधारित योजनेनंतर ही कार्यालयं सुरू झाली. इथले वकील पूर्णवेळ पगारावर असतात आणि त्यांना खासगी वकिली करता येत नाही. मुख्य लोकअभिरक्षकाला फौजदारी वकिलीचा किमान दहा वर्षांचा आणि उपमुख्य लोकअभिरक्षकाला सात वर्षांचा अनुभव लागतो. सहायक नवे असतात, पण त्यांच्या फायली वरिष्ठ बघतात. ‘फुकटचा वकील म्हणजे नवशिका’ हे मला चार जणांनी ऐकवलं होतं. त्यांच्यापैकी एकानंही ते कार्यालय पाहिलेलं नव्हतं.

अर्जाचा नमुना एक पानी आहे. नाव, पत्ता, कोठडीत असल्यास जेलचं नाव, गु.र.नं. आणि कलमं, कोर्ट, कोणती मदत हवी, आणि पात्रतेचा प्रकार. इथे पुन्हा चार दिवस गेले. खिडकीवर मला उत्पन्नाचा दाखला मागितला आणि त्याशिवाय अर्ज घेणार नाही असं सांगितलं. बुधवारी ६० किलोमीटरवर तालुक्याला जाऊन मावशीच्या दाखल्यासाठी सेवा केंद्रात अर्ज केला. मुदत पंधरा दिवसांची. केंद्रावर दरपत्रक लावलेलं असतं, तेवढेच पैसे द्या आणि पावती घ्या. बाहेर प्रतिज्ञापत्रासाठी पाचशेचा स्टँप घ्या म्हणून मागे लागणारे असतात. शासकीय कार्यालयात आणि न्यायालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रांचं मुद्रांक शुल्क महाराष्ट्रात २००४ पासून माफ आहे.

गुरुवारी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या १५१०० या क्रमांकावर फोन लावला. तिसऱ्या वेळी लागला. पलीकडच्या बाईंनी एकच प्रश्न विचारला, ‘मुलगा आत आहे की बाहेर?’ आत आहे म्हटल्यावर म्हणाल्या, मग उत्पन्नाचा दाखला लागतच नाही.

अधिनियमाच्या कलम १२ मध्ये पात्र लोकांची यादी आहे. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार, मानवी तस्करीचे किंवा वेठबिगारीचे बळी, दंगल, पूर, भूकंप अशा आपत्तींत सापडलेले, आणि कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती; या कुणालाही उत्पन्नाची अट नाही. उरलेल्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक तीन लाखांची मर्यादा आहे, आणि तिथेही उत्पन्नाबद्दलचं प्रतिज्ञापत्र पुरेसं धरता येतं (कलम १३). म्हणजे आरोपी आत असताना अर्ज करणं सर्वांत सोपं. तो बाहेर आला की दाखल्याचा प्रश्न पुन्हा निघू शकतो, म्हणून आम्ही तालुक्याचा अर्ज रद्द केला नाही. ४ जुलैला दाखला आला तो फायलीत लावला.

शुक्रवारी, २० जूनला, पुन्हा गेले. या वेळी खिडकीवर वाद न घालता सचिवांना भेटायची चिठ्ठी दिली. चाळीस मिनिटं थांबावं लागलं. त्यांच्या दालनाबाहेरच कलम १२ चा फलक होता. मी ‘कोठडीतील व्यक्ती’ या ओळीवर बोट ठेवून विचारलं. त्यांनी लिपिकाला बोलावलं आणि दहा मिनिटांत अर्ज आवक झाला. आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का असलेली आपली प्रत घेतल्याशिवाय हलू नका. नियमाप्रमाणे अर्जावर सात दिवसांत निर्णय व्हायला हवा. नकार मिळाला तर तो लेखी मागा. त्यावर अध्यक्षांकडे अपील करता येतं. जेलमधल्या माणसाला बाहेर कुणीच नसेल तर तो तुरुंग अधीक्षकांमार्फत असाच अर्ज पाठवू शकतो. जेलमध्ये विधी सेवा क्लिनिक असतं, तिथे ठरलेल्या दिवशी वकील येतात, आणि विधी स्वयंसेवक म्हणून काम करणारे प्रशिक्षित बंदीही अर्ज लिहून देतात.

सचिवांनी एक गोष्ट स्पष्ट सांगितली: आधीच्या वकिलांची ना हरकत आणा, एका आरोपीचे दोन वकील चालणार नाहीत. संध्याकाळी त्या वकिलांकडे गेले. उरलेली फी द्या, मग बघू, असं उत्तर मिळालं. वकिलानं फीसाठी पक्षकाराचे कागद अडवून ठेवू नयेत, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००० सालचा निकाल आहे. सचिवांनीच तो सांगितला होता. मी भांडले नाही. ‘आठ हजार परत मागत नाही, फक्त सही द्या’ असं दोन ओळींत लिहून दिलं. सोमवारी, २३ तारखेला, सही मिळाली. नसतीच मिळाली तर दुसरा रस्ता होता: आरोपीनं स्वतः जेलमधून कोर्टाला अर्ज करून वकीलपत्र रद्द करायला सांगायचं.

मंगळवारी, २४ जूनला, नेमणुकीचं पत्र निघालं. लोकअभिरक्षक कार्यालयाकडे आमचा पोरगा आणि दुसरा आरोपी असे दोघे आले. तिसऱ्यानं पोलिसांसमोर या दोघांची नावं घेतली होती. अशा वेळी हितसंबंध एकमेकांच्या आड येतात आणि एकाच कार्यालयानं तिघांचा बचाव करणं बरोबर नसतं. त्याला प्राधिकरणाच्या पॅनेलवरचे, म्हणजे यादीतले, वेगळे वकील दिले. सहआरोपी असतील तर हा मुद्दा तुम्ही स्वतः काढा, कारण जबाबाची प्रत हातात येईपर्यंत तो कुणाच्या लक्षात येत नाही.

नवं वकीलपत्र जेलमध्ये गेलं. बंद्याची सही आणि त्यावर तुरुंगाधिकाऱ्याचा शिक्का होऊन दुसऱ्या दिवशी परत आलं. गुरुवारी सहायक लोकअभिरक्षक मॅडमनी मला चाळीस मिनिटं बसवून घेतलं. हा भाग सगळ्यांत कामाचा आहे. त्यांनी विचारलेलं हे: याआधी एखादा गुन्हा, अदखलपात्र का होईना, नोंद आहे का. राहता पत्ता आणि किती वर्षांपासून. कामाला कधी लागला, पगार रोख की खात्यात. फिर्यादीत चोरीची तारीख कोणती आहे आणि त्या दिवशी याची पाळी कोणती होती. हजेरी अंगठ्यावर की वहीत. गोदामात कॅमेरे किती. अटकेच्या वेळी त्याच्याकडून काय जप्त केलं, पंच कोण होते. जामीनदार कोण राहील.

कॅमेऱ्यांच्या प्रश्नाचं महत्त्व मला तेव्हा कळलं. डीव्हीआरची, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या यंत्राची, जागा भरली की जुन्या चित्रणावर नवं चढत जातं. किती दिवसांचं टिकेल ते डिस्कच्या क्षमतेवर आणि कॅमेऱ्यांच्या संख्येवर ठरतं. बऱ्याच ठिकाणी पंधरा-वीस दिवसच. मॅडमनी त्याच दिवशी दोन अर्ज तयार केले, एक जामिनाचा आणि दुसरा चित्रण आणि हजेरीची नोंद जपून ठेवण्याचे निर्देश तपास अधिकाऱ्याला द्यावेत म्हणून. दुसरा अर्ज मंजूर झाला. डीव्हीआर ताब्यात घेतला तोवर फिर्यादीतल्या पहिल्या दोन दिवसांचं चित्रण गेलेलं होतं. ते आम्हाला उपयोगी पडलं असतं की नाही, हे आता कधीच कळणार नाही. वकील उशिरा मिळण्याचं नुकसान जेलमधल्या दिवसांपुरतं नसतं, हे या एका गोष्टीवरून कळावं. पहिल्या आठवड्यात वकील नसेल तर तुम्ही स्वतः तपास अधिकाऱ्याला साध्या कागदावर अर्ज द्या, कॅमेऱ्याचं चित्रण जप्त करावं म्हणून, आणि आवक शिक्का घ्या.

जामिनाचा अर्ज शुक्रवारी, २७ जूनला दाखल झाला. कोर्ट त्यावर तपास अधिकाऱ्याचं आणि सरकारी वकिलांचं लेखी म्हणणं मागवतं. बरेच दिवस इथेच जातात, कारण पोलिसांचं म्हणणं आलं नाही की पुढची तारीख. मॅडमच्या सांगण्यावरून मी सोमवारी ठाण्यात जाऊन पत्र पोचलंय का एवढंच विचारून आले. ते टपालात पडून होतं. त्याच दिवशी व्हिडिओवरून हजर करून कोठडी वाढवली. म्हणणं १ जुलैला आलं, २ ला युक्तिवाद झाला, ३ ला आदेश. पंधरा हजारांचा जातमुचलका (आरोपीचं स्वतःचं हमीपत्र) आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार. दोषारोपपत्र येईपर्यंत दर रविवारी दहा ते बारा पोलीस ठाण्यात हजेरी. साक्षीदारांशी संपर्क नको.

आदेश झाला म्हणजे माणूस सुटला, असं आम्ही धरून पेढे आणायला निघालो होतो. जामीनदार म्हणून गावचे मामा आले. लागणारे कागद: आधार, रेशन कार्ड, सातबारा आणि आठ-अ, ऐपतीचा दाखला, दोन फोटो, आणि आजवर किती जणांना जामीन राहिलो याचं प्रतिज्ञापत्र. नोकरदार असेल तर पगारपत्रक आणि ओळखपत्र. मामांचा सातबारा चार वर्षं जुना निघाला. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर पंधरा रुपयांत लगेच मिळतो, पण ऐपतीच्या दाखल्याला तहसील गाठावं लागतं. मॅडमनी मग शुक्रवारी दुसरा अर्ज टाकला: जामीनदार आणेपर्यंत सहा आठवडे तात्पुरता रोख जामीन घ्यावा. तो मंजूर झाला. मावशीनं बचत गटातून दहा हजार उचलले, पाच मी घातले. शनिवारी कोर्ट चालू होतं, पण रोख भरून घ्यायची वेळ दुपारीच संपली होती. रविवारी आषाढी. सोमवारी, ७ जुलैला, सकाळी पैसे भरले, पावती फायलीला लागली, सुटकेचा आदेश जेलला गेला आणि संध्याकाळी सातला तो बाहेर आला. मावशीनं त्याला आधी पाणी दिलं आणि मग ती रडली.

तिसऱ्या आरोपीचं इथेच लिहायला हवं. तो परराज्यातला, इथे कुणी नाही. त्याचा जामीन २१ जुलैला मंजूर झाला, पण जामीनदार कुठून आणणार? जामीन मंजूर होऊनही सात दिवसांत बंदी सुटला नाही, तर तुरुंग अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं, आणि महिना उलटला तर कोर्टानं अट शिथिल करण्याचा विचार करायचा, असे सर्वोच्च न्यायालयाचे ३१ जानेवारी २०२३ चे निर्देश आहेत. त्याच्या पॅनेलच्या वकिलांनी हे निर्देश जोडून अर्ज केला आणि ऑगस्टच्या शेवटी तो जातमुचलक्यावर सुटला. पैशांअभावी अडकलेल्या बंद्यांसाठी केंद्राची २०२३ पासून वेगळी योजनाही आहे. सुरुवातीच्या मार्गदर्शक सूचनांत कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी चाळीस हजारांपर्यंत रक्कम धरलेली आहे. तुमच्या माणसाच्या बाबतीत सात दिवस उलटले तर सचिवांकडे जाऊन हे दोन्ही शब्द उच्चारा: ‘सात दिवसांचे निर्देश’ आणि ‘गरीब बंदी योजना’.

जामीन मिळालाच नसता, तर आणखी एक तारीख वहीत लिहून ठेवायची होती. आमच्यासारख्या गुन्ह्यात दोषारोपपत्र ६० दिवसांत आलं नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. दहा वर्षं किंवा त्याहून मोठ्या शिक्षेच्या गुन्ह्यांत ही मुदत ९० दिवसांची. मोजणी अटकेपासून नव्हे, पहिल्या रिमांडपासून, तो दिवस धरून. अर्ज मात्र दोषारोपपत्र येण्याआधी करावा लागतो. ते एकदा दाखल झालं की हा हक्क जातो.

खर्चाचा हिशेब मी वहीत ठेवला आहे. खासगी वकिलांचे आठ हजार गेले. रोख जामिनाचे पंधरा हजार, ८ ऑगस्टला मामा जामीनदार म्हणून मंजूर झाल्यावर, परताव्याचा अर्ज करून सप्टेंबरात मिळाले. मूळ पावती लागते, ती लॅमिनेट करू नका. एसटी, रिक्षा, झेरॉक्स, फोटो, दाखले मिळून चार हजार एकशे साठ. लोकअभिरक्षकांना शून्य. टंकलेखन, सही-शिक्क्याच्या नकला, कोर्ट फी हेही विधी सेवेतच येतं. कुणी या कामाचे पैसे मागितले तर सचिवांकडे लेखी तक्रार करा.

दोषारोपपत्र ऑगस्टात आलं. मग प्रकरणाला आरसीसी (कोर्टातल्या फौजदारी खटल्याचा) नंबर आणि ‘एमएच’नं सुरू होणारा सोळा अंकी-अक्षरी सीएनआर नंबर मिळाला. तो ई-कोर्ट्स ॲपमध्ये टाकून ठेवला की पुढची तारीख घरबसल्या दिसते. तारखेला आरोपीनं स्वतः हजर राहायचं. वकील मोफत आहेत म्हणून ते परस्पर सांभाळतील असं नाही. आजारपण असेल तर गैरहजेरी माफीचा अर्ज त्याच सकाळी कार्यालयात पोचला पाहिजे, नाहीतर वॉरंट निघतं. दोषारोपपत्राच्या प्रती आरोपीला फुकट मिळतात. आमच्या संचात जप्ती पंचनाम्याची दोन पानं नव्हती. पान क्रमांक मोजल्यामुळे कळलं. प्रती मिळाल्याची सही करण्याआधी मोजा.

जानेवारीत आमच्या मॅडम बदलल्या. फाईल कार्यालयाचीच असल्यामुळे नवं वकीलपत्र, नवी फी असं काही झालं नाही, पण नव्या साहेबांकडे त्या दिवशी अकरा प्रकरणं होती. आम्ही एक पान लिहून नेलं होतं: गु.र.नं., आरसीसी नंबर, अटक, जामीन आणि दोषारोपपत्राच्या तारखा, चित्रणाच्या अर्जाचा आदेश कुठल्या पानावर आहे, कोणत्या पंचाची साक्ष बाकी आहे. त्यांनी ते उभ्याउभ्या वाचलं, फायलीच्या पहिल्या पानाला टाचलं, आणि पुकारा झाल्यावर त्या पंचाला बरोबर त्याच दोन पानांबद्दल विचारायला सुरुवात केली.